मदत हवी आहे: क्रूझने अगत्तीला उतरल्यावर आपली आपण बोट ठरवून फिरता येतं का?

गंगापूररोडची_गौरी

नमस्कार मंडळी,

दिवाळीनंतर आई-बाबांना घेऊन मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझने लक्षद्वीपला जायचं घाटतंय. जहाज एक दिवस अगत्तीपाशी नांगर टाकतं, लहान बोटींतून किनाऱ्यावर नेतात आणि संध्याकाळच्या आत परत. त्या दिवसाचं कंपनीचं स्वतःचं पॅकेज आहे: स्नॉर्केलिंग, कयाक, काचेच्या तळाची बोट, बुफे. बाबा ७४ वर्षांचे, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. त्यांना ना कयाक वल्हवायची आहे, ना ताट धरून रांगेत उभं राहायचंय.

बाबा ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात होते. तिथल्या त्यांच्या एका मल्याळी मित्राचे मेहुणे अगत्तीत राहतात, स्वतःची बोट आहे. फोनवर म्हणाले, "या तुम्ही, लगूनमधून फिरवतो, जेवायला घरीच या, वेळ उरला तर शेजारचं बंगारम बेट पण दाखवतो." बाबा तेव्हापासून हवेत आहेत.

बुकिंग करणाऱ्या एजंटला विचारलं की कंपनीची सहल न घेता असं परस्पर फिरलं तर चालतं का. तो म्हणे, "मॅडम, भारतच आहे ना, काही होत नाही." हे 'काही होत नाही' ऐकलं की माझ्या पोटात गोळाच येतो. लक्षद्वीपला सरकारी परमिट लागतं एवढं माहीत आहे. पण ते जहाजावर असताना कसं लागू होतं? न्यू जर्सीहून भाऊ-वहिनी आणि त्यांची दोन मुलंही येतायत, म्हणजे आम्ही एकूण सात. जाणकारांनी सांगावं.

दर्यावर्दी

होतं की काही! एजंटला असं का वाटतं तेही सांगतो. क्रूझवाले तुमचे आधार, फोटो वगैरे आधीच मागून घेतात आणि सगळ्यांचा परवाना तेच काढतात. तुमच्या हातात कागद येत नाही, त्यामुळे लोकांचा समज होतो की परवाना लागतच नाही.

लागतो. १९६७ पासूनचे नियम आहेत, बेटांबाहेरच्या भारतीय नागरिकालाही प्रवेश परवाना हवाच. तिथले मूळ रहिवासी जवळजवळ सगळे अनुसूचित जमातीत मोडतात आणि जागा एवढीशी: ३६ बेटं, वस्ती १० वर, आणि सगळी जमीन मिळून ३२ चौरस किलोमीटर. आपली नाशिक महापालिकेची हद्द याच्या कितीतरी पट भरेल. मोकळं सोडलं तर काय होईल ते त्र्यंबकला श्रावणी सोमवारी जाऊन बघा.

आता तुमच्या मुद्द्याचं. परवान्यावर बेटाचं नाव असतं. अगत्तीचा परवाना म्हणजे अगत्तीचाच. बंगारम, थिन्नकरा समोर दिसतात, बोटवाला प्रेमाने नेईलही, पण नाव नसेल तर तिथे पाय ठेवायचा नाही. आणि परवाना जहाज कंपनीने काढलाय, म्हणजे किनाऱ्यावर तुमची जबाबदारी तिच्या डोक्यावर. त्यामुळे ती तुम्हाला तिसऱ्याच माणसाच्या बोटीत बसू देईल का, हे तिलाच लेखी विचारा. एजंटला नाही, कंपनीला. आणि फोनवर नाही, ईमेलवर.

पंचवटीतला_प्रवासी

+१. जगभर हेच आहे. सेंट पीटर्सबर्गला पूर्वी क्रूझच्या प्रवाशांना ७२ तास व्हिसाशिवाय उतरता यायचं, पण अधिकृत टूर कंपनीची सहल घेतली असेल तरच. खासगी गाईड चालायचा, फक्त तो परवानाधारक कंपनीचा हवा आणि त्यांचं तिकीट इमिग्रेशनला दाखवायचं. नुसतं 'जरा बाजारात चक्कर मारून येतो' म्हणून उतरायला गेलात तर व्हिसा पाहिजे.

कोविडमध्ये तर अजून कडक. ऑगस्ट २०२० मध्ये इटलीत एक कुटुंब जहाजाच्या सहलीतून बाजूला होऊन आपलं आपण फिरलं, तर नेपल्सला त्यांना परत जहाजावर घेतलंच नाही. सामानसुमान जहाजात आणि माणसं धक्क्यावर.

सातपूरचा_सचिन

ताई, परमिटचं मोठे लोक सांगतीलच. मी म्हणतो, नाशिकहून जाताय तर त्या काकांना दोन वाईनच्या बाटल्या न्या, खूश होतील.

दर्यावर्दी

सचिनभाऊ, नका हो माणसाला गोत्यात आणू. बंगारमचा रिसॉर्ट सोडला तर लक्षद्वीपला दारूबंदी आहे. आणि अगत्तीची वस्ती मुस्लिम आहे, कोणाच्या घरी बाटली घेऊन जाणार तुम्ही? मनुके न्या, कोंडाजीचा चिवडा न्या. येताना त्यांनी सुकवलेला टूना दिला तर घ्या, पण किनाऱ्यावरचं प्रवाळ उचलू नका. मेलेला तुकडा असला तरी नाही. प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीत. मुलांच्या खिशांवर खास लक्ष ठेवा.

निफाडकर_काकू

गौरी, सगळे बोटीबद्दल बोलतायत, माझं लक्ष तुझ्या शेवटून दुसऱ्या ओळीवर आहे. भाऊ-वहिनी न्यू जर्सीहून येतात म्हणजे पासपोर्ट कुठला? अमेरिकन असेल आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते) असेल तर ते या बाबतीत परदेशी धरले जातात. ओसीआय म्हणजे आयुष्यभराचा व्हिसा, हे खरं. पण संरक्षित किंवा प्रतिबंधित भागांत जायला त्यांनाही वेगळी परवानगी काढावी लागते, २०२१ च्या अधिसूचनेत ते स्पष्ट लिहिलंय. लक्षद्वीपची सगळी बेटं परदेशी नागरिकांना सरसकट खुली नाहीत. आमच्या जावयाच्या वेळी हे तिकिटं काढून झाल्यावर समजलं होतं, म्हणून आधीच सांगते.

गंगापूररोडची_गौरी

काकू, अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआयच. दोन्ही मुलांचा जन्मच तिकडचा. एजंटला मी त्यांची पासपोर्टची पानं पाठवली होती, तरी तो एका शब्दाने बोलला नाही. आजच कंपनीला ईमेल करते. तुमचे खूप आभार.

देवळाली_कॅम्प

जाता जाता एक शंका. सैन्यातल्या लोकांना परवाना माफ असतो असं ऐकलंय. मी तोफखान्यातून निवृत्त. मला चालेल का?

दर्यावर्दी

साहेब, ती सूट सेवेत असलेल्यांसाठी आहे, तिथे नेमणूक किंवा काम असेल तेव्हा, आणि त्यांच्या कुटुंबासाठी. पर्यटक म्हणून जाणार असाल तर आमच्याच रांगेत या.

गंगापूररोडची_गौरी

अपडेट देते. कंपनीचं लेखी उत्तर आलं. सहल घेतली नाही तरी किनाऱ्यावर त्यांनी ठरवून दिलेल्या भागात बसता येईल. ओळखीचं कोणी भेटायला आलं तर हरकत नाही. पण त्यांच्या बोटीत बसणं किंवा गावात घरी जेवायला जाणं नाही. भावाच्या कुटुंबाचे कागद वेगळे पाठवावे लागतील, आणि परवानगी नाही आली तर त्या दिवशी चौघांनी जहाजावरच थांबायचं. शिवाय समुद्र खवळलेला असला तर अगत्तीचा थांबाच रद्द होऊ शकतो, त्याचे पैसे परत नाहीत. हे बारीक अक्षरात.

बाबांना वाचून दाखवलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "मग जहाज कशाला?"

तर आता बेत असा. भाऊ-वहिनी आले की सगळे मिळून गोव्याला जाऊ. लक्षद्वीपला फेब्रुवारीत आम्ही तिघंच, कोचीहून विमानाने थेट अगत्ती. परवान्यासाठी ते काका यजमान म्हणून नाव देणार आहेत, बंगारमही अर्जातच लिहायला सांगितलंय. त्यांनी पोलिसांचा दाखला काढून ठेवा म्हटलंय. इथे नवीन घोळ: बाबांचं आधार अजून ओझरच्या पत्त्यावर आहे आणि राहतात माझ्याकडे गंगापूर रोडला. चारित्र्य पडताळणीचा अर्ज शहर पोलिसांकडे करायचा की ग्रामीणकडे?

निफाडकर_काकू

ओझर ग्रामीणमध्ये येतं, तू शहर आयुक्तालयात. सध्या राहतात तिथलं पोलीस ठाणं चौकशीला घरी येणार, मग अर्ज शहराकडेच कर. पण आधारवरचा पत्ता बदलून घे आधी, नाहीतर पडताळणीला येणारा हवालदार पहिला तोच प्रश्न विचारेल. ऑनलाइन बदलता येतो, तुमच्या नात्याचा पुरावा आणि कुटुंबप्रमुख म्हणून तुझी संमती लागेल. फेब्रुवारीला वेळ आहे म्हणून थांबू नकोस.

पंचवटीतला_प्रवासी

आणि कोचीचं विमान मुंबईहून पहाटेचं असेल तर आदल्या रात्रीच निघा. कसारा घाटात ट्रक बंद पडला की तुमचं परमिट, हवालदार, यजमान सगळे जागेवर आणि तुम्ही इगतपुरीला.

गंगापूररोडची_गौरी

बाबा म्हणतायत आदल्या दिवशी पंचवटी एक्स्प्रेसने जाऊ, खिडकीची जागा बघ. आधारचं आज रात्री बसून करते.