स्फोटरोधक भरणामुळे टाकीतील इंधन बिघडते का?

प्रश्न
लष्करी वाहनांच्या इंधनटाकीत पॉलियुरेथेनचा जाळीदार फोम किंवा ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची जाळी भरतात, आणि ती ज्वालेची उष्णता शोषून तिला टाकीभर पसरू देत नाही, एवढे मला माहीत आहे. परंतु वर्षानुवर्षे डिझेलमध्ये बुडालेल्या या भरणाचा इंधनाच्या दर्जावर काय परिणाम होतो?

उत्तर १
भरण कशाचे आहे, ते आधी पाहावे लागेल. लष्करी विमानांत सुरुवातीला वापरलेला पॉलिएस्टर प्रकारचा फोम उष्ण व दमट हवेत जलअपघटनामुळे (पाण्यामुळे होणाऱ्या रासायनिक विघटनामुळे) ठिसूळ होत असे, आणि त्याचा भुगा इंधनात मिसळून फिल्टर तुंबवत असे. नंतर आलेला पॉलिइथर प्रकार पाण्याला चांगला टिकला. मात्र त्याची विद्युतवाहकता फार कमी असल्याने इंधन भरताना स्थिर विद्युत साचून ठिणगी पडण्याचा धोका उद्भवला. म्हणूनच पुढे विद्युतवाहक फोम तयार करण्यात आले.

उत्तर २
ॲल्युमिनियमबद्दल थोडे सांगतो. तांबे आणि जस्त इंधनाच्या ऑक्सिडीकरणाला, म्हणजे ऑक्सिजनशी संयोग होऊन ते बिघडण्याला, चालना देतात. त्या मानाने ॲल्युमिनियम बरेच निष्क्रिय आहे. खरी अडचण यांत्रिक आहे: खडबडीत रस्त्यावरच्या सततच्या कंपनांनी जाळी घासते आणि तिचे बारीक कण सुटतात.

उत्तर ३
माझ्या मते भरणापेक्षा पाण्याची चिंता अधिक करावी. टाकीच्या तळाशी साचलेले पाणी फोम झिजवते, ॲल्युमिनियम गंजवते, आणि पाणी व डिझेल यांच्या सीमेवर बुरशी व जिवाणू वाढू देते. त्यांना चिकटून वाढण्यासाठी जाळीचा प्रचंड पृष्ठभाग आयताच मिळतो. शिवाय फोम थोडे इंधन धरून ठेवतो, त्यामुळे टाकी रिकामी केली तरी जुने डिझेल पूर्ण निघत नाही आणि ते नव्यात मिसळते. दीर्घकाळ उभ्या राहणाऱ्या वाहनांत हे विशेष जाणवते.

प्रश्नकर्ता
मग नमुना कोठून घ्यावा?

उत्तर ३
तळातूनच घ्यावा, आणि त्याच साठ्यातील इंधन भरलेल्या, भरण नसलेल्या टाकीच्या नमुन्याशी त्याची तुलना करावी. घनकणांचे वजन, पाण्याचे प्रमाण आणि गोंदसदृश अवशेष मोजावेत. फिल्टरवरचा गाळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास तो फोमचा भुगा आहे, धातूचा कण आहे की बुरशी, हे बहुधा स्पष्ट होते. फोम आढळला, तर केवळ फिल्टर बदलून भागत नाही. भरण बाहेर काढूनच तपासावे लागते.