बाबांच्या पायाची जखम वर्षभर भरत नाहीये, वासामुळे माणसांत बसणं सोडलंय

नमस्कार मंडळी. बाबा एसटीत कंडक्टर होते, सगळी नोकरी उभ्याने गेली, व्हेरिकोज व्हेन्स (पायाच्या फुगलेल्या शिरा) जुन्याच आहेत. आता डाव्या घोट्याच्या वर आतल्या बाजूला जखम आहे, शुगर नॉर्मल. एक दिवसाआड ड्रेसिंगला नेतो, तिथे वाळलेली गॉज खस्सकन ओढतात आणि बाबा कॉटची दांडी घट्ट धरून बसतात. पण जास्त त्रास वासाचा आहे, संध्याकाळपर्यंत पट्टी ओली होते, म्हणून कट्ट्यावर जाणं बंद, भाचीच्या साखरपुड्याला आले नाहीत, ताटसुद्धा वेगळं घेऊन बसतात. माणूस असा खचताना बघवत नाही हो. काय करता येईल?

सर्जिकलवॉर्ड_सिस्टर: दादा, वर्णनावरून व्हेनस अल्सर, म्हणजे शिरांत रक्त साचून झालेली जखम वाटतेय, नक्की काय ते डॉक्टर बघून सांगतील. यात नुसतं ड्रेसिंग बदलून भागत नाही, पायात साचलेलं रक्त वर चढायला कॉम्प्रेशन लागतं, म्हणजे बोटांपासून गुडघ्याखालपर्यंत दाबाची पट्टी. पण क्रेप बँडेज आणून घरी आवळू नका!! आधी डॉप्लर (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह बघायची तपासणी) आणि एबीपीआय करा, एबीपीआयमध्ये घोट्याच्या बीपीला दंडाच्या बीपीने भागतात, आकडा ०.८ च्या खाली असेल तर धमनीचा रक्तपुरवठा कमी असू शकतो आणि घट्ट पट्टीने पायाला इजा होते. व्हॅस्क्युलर (रक्तवाहिन्यांच्या) सर्जनलाही दाखवा, शिरेवरचे लेझरसारखे उपचार लवकर केले तर जखम लवकर भरते असं २०१८ च्या ब्रिटनमधल्या अभ्यासात दिसलंय.

आणि गॉज ओढू देऊ नका, स्पष्ट सांगा. सलाईनने भिजवून थोडा वेळ थांबलं की अलगद सुटते, न चिकटणारं ड्रेसिंगही मिळतं. वासासाठी मेट्रोनिडॅझोल जेल डॉक्टरांना विचारा, पाणी जास्त असेल तर फोम ड्रेसिंग, भोवतीच्या कातडीला झिंक ऑक्साईड. हळद, डेटॉल, पावडर काही घालू नका.

पोटरीवाली_आई: माझ्या आईचं अगदी असंच होतं. फोम महाग पडतो पण रोज बदलावा लागत नाही त्यामुळे हिशोब फार वाढला नाही. आम्ही एक केलं, कुठे जायचं असेल तर ड्रेसिंग निघायच्या आधीच करायचो, मग ती दोन-तीन तास निवांत बसायची लोकांत. बसल्यावर पाय उशीवर वर, आणि चालणं बंद करू देऊ नका, पोटरी हलली की रक्त वर चढतं. जेवणात अंडं, डाळ वाढवा.

रानवारा: लाली पसरली, ताप आला किंवा दुखणं एकदम वाढलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

(प्रश्नकर्ता): खूप आभार सगळ्यांचे, डॉप्लरचं विचारून घेतो. सिस्टर, वरची पट्टी भिजली तर घरी बदलता येईल का?

सर्जिकलवॉर्ड_सिस्टर: येते की. पुढच्या ड्रेसिंगला शेजारी उभे राहा आणि सिस्टरना म्हणा मला करू द्या, तुम्ही बघा. दाबाची पट्टी चालू झाली की मात्र ती शिकलेल्या माणसाकडूनच बांधून घ्यायची, बोटं निळी पडली किंवा मुंग्या आल्या तर लगेच सोडायची.