मदत हवी आहे : आखातातले तेलाचे मक्ते कुठे रुपयांत, कुठे सोन्यात, असे का? (१९१९ ते १९३९)

नमस्कार. आमच्या टपालतिकीट संग्राहकांच्या मंडळात पुढच्या महिन्यात मला अर्ध्या तासाचे टिपण वाचायचे आहे. पंचम जॉर्जचे चित्र असलेल्या हिंदुस्थानी तिकिटांवर काळ्या शाईत ‘कुवैत’ किंवा ‘बहरीन’ असे इंग्रजी अक्षरांत वरून छापून ती आखातातल्या टपाल कचेऱ्यांत विकली जात. कुवैतसाठी ही पद्धत १९२३ मध्ये आणि बहरीनसाठी १९३३ मध्ये सुरू झाली. काकांच्या संग्रहात मनाम्याहून मुंबईच्या मोती बाजारातल्या एका पेढीला आलेले १९३४ चे एक पाकीट आहे. तिकिटावरची किंमत आण्यांत आहे, बहरीनचा शिक्का गोल आणि ठसठशीत आहे, आणि पाकिटाच्या मागच्या बाजूला कोणीतरी पेन्सिलीने रुपयांतली बेरीज मांडून ती दोनदा खोडली आहे. जपानी संवर्धित मोती आणि जागतिक मंदी यांच्यामुळे तोपर्यंत आखाती मोत्यांचा भाव कोसळला होता. त्या खोडाखोडीचे कारण तेच असावे, असे मला उगीचच वाटत राहते.

या बेरजेवरून मी तेलाच्या करारांपर्यंत पोहोचलो आणि तिथेच अडकलो आहे. बहरीनच्या मक्त्यात शेखांना टनामागे साडेतीन रुपये रॉयल्टी ठरली होती. कुवैतचे शेख अहमद अल-जाबिर यांना २३ डिसेंबर १९३४ च्या कराराने सहीच्या वेळी ४,७५,००० रुपये आणि पुढे टनामागे तीन रुपये मिळणार होते. कतारचा १९३५ चा करारही रुपयांतच आहे. मात्र सौदी अरेबियाचे राजे इब्न सौद यांनी २९ मे १९३३ रोजी कॅलिफोर्नियाच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीशी जो करार केला, त्यात सगळे आकडे सोन्यात आहेत: तीस हजार सुवर्ण पौंडांचे कर्ज, पाच हजारांचे वार्षिक भाडे आणि टनामागे चार सुवर्ण शिलिंग रॉयल्टी.

मी केलेला हिशेब असा. १९२७ पासून रुपयाचा दर १ शिलिंग ६ पेन्स होता, म्हणून कुवैतचे तीन रुपये म्हणजे साडेचार शिलिंग. वरवर पाहता ही रक्कम सौदी रॉयल्टीपेक्षा जास्त दिसते. परंतु सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्णपरिमाण (पौंडाची किंमत सोन्याला बांधण्याची पद्धत) सोडले आणि पौंडाला बांधलेला रुपया त्याच्याबरोबर खाली गेला. १९३३ च्या सुमारास सोन्याचा भाव औंसाला सव्वाचार पौंडांवरून सहा पौंडांच्या वर गेला होता, त्यामुळे चार सुवर्ण शिलिंग म्हणजे कागदी चलनात साडेपाच शिलिंगांहून अधिक होतात. म्हणजे दिल्लीच्या छायेत राहणाऱ्या शेखांना टनामागे कमी पैसे मिळाले आणि जो छायेबाहेर होता त्याला जास्त.

यावरून टिपणाचे मुख्य विधान मी असे लिहिले आहे: ‘जिथे रुपया चालत होता तिथे ब्रिटिशांनी आपल्या अटी लादल्या, जिथे गिनी चालत होती तिथे त्यांचा हात पोहोचला नाही.’ (सराफ ज्याला गिनी म्हणतात ते इंग्रजी सॉव्हरिन नाणे मला अभिप्रेत आहे.) वाक्य मला आवडले आहे, म्हणूनच त्याच्याबद्दल शंका येते. जाणकारांनी कृपया तीन बाबतींत मार्गदर्शन करावे. हे विधान टिकणारे आहे का? या व्यवहारांची मूळ कागदपत्रे मुंबईच्या पुराभिलेखागारात पाहायला मिळतील का? आणि ‘कन्सेशन’ला ‘सवलत’ म्हणावे की ‘मक्ता’?

प्रतिसाद :

आपला हिशेब बरोबर आहे, विधान मात्र उलटे झाले आहे. चलन हा परिणाम होता. कारण होते ते करारनामे, आणि त्यांच्या तारखा नीट लावल्या की चित्र बदलते.

कुवैतच्या शेखांनी १९१३ मध्ये, बहरीनच्या शेखांनी १९१४ मध्ये आणि ट्रुशियल किनाऱ्यावरच्या (आजच्या संयुक्त अरब अमिरातीच्या) शेखांनी १९२२ मध्ये लिहून दिले होते की ब्रिटिश सरकारच्या संमतीशिवाय तेलाचा मक्ता कोणालाही देणार नाही. इब्न सौदही अशा बंधनातून सुटलेले नव्हते. डिसेंबर १९१५ मध्ये ब्रिटिश अधिकारी सर पर्सी कॉक्स यांच्याशी त्यांनी दारीन येथे जो तह केला, त्यात परक्या सत्तेला किंवा तिच्या प्रजेला मक्ते न देण्याचे कलम होते आणि त्यांना ब्रिटिशांकडून दरमहा पाच हजार पौंडांचा तनखाही मिळत होता. १९२२ च्या अखेरीस उकैरला कॉक्स यांनी नकाशावर लाल पेन्सिलीने नज्द (इब्न सौद यांचा मुलूख), इराक आणि कुवैत यांच्या हद्दी आखल्या आणि कुवैतच्या शेखांचा मोठा मुलूख एका बैठकीत इब्न सौद यांच्याकडे गेला. ज्याला ब्रिटिशांचा हात पोहोचत नव्हता असे आपण म्हणता, त्याच्याच समोर बसून हे घडले.

बदल झाला तो त्यानंतर. तनखा १९२४ मध्ये बंद झाला. १९२५ च्या अखेरीस इब्न सौद यांनी हिजाझ जिंकला, आणि मक्का व मदिना हाती आलेल्या राजाला आश्रित शेखासारखे वागवणे, तेही हिंदुस्थानात कोट्यवधी मुसलमान प्रजा असताना, लंडनला परवडणारे नव्हते. २० मे १९२७ रोजी ब्रिटिशांतर्फे सर गिल्बर्ट क्लेटन यांनी केलेल्या जेद्दाच्या तहाने दारीनचा तह रद्द झाला आणि त्याबरोबर मक्त्यांवरचे बंधनही गेले. १९३३ मध्ये अमेरिकन कंपनीशी सही करताना इब्न सौद यांना कोणाची परवानगी लागली नाही, ती या तहामुळे.

आता रुपयाच्या बाजूने पाहा. बहरीनचा मक्ता मुळात न्यूझीलंडच्या फ्रँक होम्स यांच्या लंडनमधील सिंडिकेटने १९२५ मध्ये मिळवला होता. तो अमेरिकेच्या गल्फ ऑइलकडे गेला, परंतु १९२८ च्या ‘लाल रेषा’ कराराने (नकाशावरच्या लाल रेषेच्या आत भागीदार कंपन्यांनी स्वतंत्रपणे मक्ते घ्यायचे नाहीत, असा करार) गल्फचे हात बांधले गेल्याने तो स्टँडर्ड ऑइल ऑफ कॅलिफोर्नियाला विकावा लागला. कंपनी ब्रिटिशच असली पाहिजे, या ब्रिटिश सरकारच्या अटीवर तोड अशी निघाली की बहरीन पेट्रोलियम कंपनीची नोंदणी कॅनडात करण्यात आली. भांडवल सगळे अमेरिकन, कागद ब्रिटिश साम्राज्याचा! १९३२ च्या उन्हाळ्यात जबल दुखानला तेल लागले तेव्हा ते अमेरिकनांना लागले. कुवैतमध्ये तर ब्रिटिश सरकारने १९३२ मध्ये ही अट स्वतःच सोडली, आणि शेवटी मक्ता अँग्लो-पर्शियन व गल्फ यांना निम्मा निम्मा मिळाला. त्या वाटाघाटींच्या काळात लंडनमध्ये अमेरिकेचे राजदूत होते अँड्र्यू मेलन, आणि गल्फ ऑइल ही त्यांच्याच कुटुंबाची कंपनी होती. मुत्सद्देगिरी कुठे संपत होती आणि धंदा कुठे सुरू होत होता, हे त्या वेळच्या कारकुनांनाही सांगता आले नसते. तेव्हा रुपयाच्या मुलखात अमेरिकनांना दार बंद नव्हते. फक्त दारात इराणच्या किनाऱ्यावरील बुशहरच्या पोलिटिकल रेसिडेंटचा (आखातातल्या ब्रिटिश सरकारच्या प्रतिनिधीचा) पहारेकरी बसलेला होता.

सोन्याचे कारण त्याहून साधे आहे. इब्न सौद यांचे मुख्य उत्पन्न हज यात्रेकरूंपासून येई. १९२० च्या दशकाच्या अखेरीस लाखाच्या घरात असलेली परदेशी यात्रेकरूंची संख्या मंदीमुळे १९३१ मध्ये चाळीस हजारांच्या आसपास उतरली, आणि त्यात मुंबईहून बोटीने जाणारेही घटले. खजिना रिकामा होता, कर्ज अंगावर होते, आणि कागदी चलन कधी घसरेल याचा भरवसा नव्हता. प्रतिस्पर्धी इराक पेट्रोलियम कंपनीतर्फे स्टीफन लाँग्रिग जेद्दात बसले होते, पण त्यांच्या कंपनीजवळ तेल भरपूर होते. तिला अल-हसाचे (सौदी अरेबियाच्या पूर्व भागाचे) तेल काढायचे नव्हते, दुसऱ्याला काढू द्यायचे नव्हते एवढेच. अर्थमंत्री अब्दुल्ला सुलेमान यांना मात्र रोख हवी होती. इब्न सौद यांचे इंग्रज सल्लागार सेंट जॉन फिल्बी दोन्ही बाजूंशी बोलत होते आणि अमेरिकन कंपनीकडून गुपचूप मेहनताना घेत होते, हेही टिपणात असू द्या.

मुंबईविषयी : बुशहरची रेसिडेन्सी १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या हाताखाली होती, नंतर ती हिंदुस्थान सरकारकडे गेली. त्यामुळे आपल्या काळाचे कागद काळा घोड्याला, म्हणजे मुंबईच्या पुराभिलेखागारात, शोधू नका. ते दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात परराष्ट्र व राजकीय खात्यात आहेत. रेसिडेन्सीचे दप्तर लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत असून त्याचा मोठा भाग कतार डिजिटल लायब्ररीवर घरबसल्या वाचता येतो. एडनचे तसे नाही. एडन १९३२ पर्यंत मुंबई इलाख्यात होते, मग दिल्लीकडे गेले आणि १ एप्रिल १९३७ रोजी हिंदुस्थानपासून तुटले. एडनसाठी मुंबईचे दप्तर जरूर पाहा.

‘मक्ता’च लिहा. ‘सवलत’ म्हटले की रेल्वेच्या तिकिटाची आठवण होते.

दुसरा प्रतिसाद :

वरील प्रतिसादाला एक पुरवणी. १९३३ मध्ये अमेरिकेने स्वतःच सोन्याच्या निर्यातीवर बंदी घातल्यामुळे कंपनीला कर्ज आणि भाडे मिळून पस्तीस हजार सोन्याची नाणी लंडनहून बोटीने जेद्दाला पाठवावी लागली. ती ऑगस्टमध्ये एका डच बँकेच्या टेबलावर एकेक करून मोजून देण्यात आली. ही बँक तिथे होती ती डच ईस्ट इंडीजच्या हज यात्रेकरूंसाठी. त्याच सुमारास मंदीने पिचलेली हिंदुस्थानातली कुटुंबे दागिने मोडत होती आणि ते सोने मुंबई बंदरातून लंडनला चालले होते. एकाचा दुसऱ्याशी संबंध जोडण्याचा मोह टाळावा, पण दोन्ही प्रवाह एकाच बाजारातून गेले हे श्रोत्यांना सांगायला हरकत नाही.

धागाकर्त्याचे उत्तर :

दोघांचेही मनापासून आभार. मुख्य विधान काढून टाकले आहे. आता टिपण १९१३, १९१५ आणि १९२७ या तीन तारखांवर उभे राहील, आणि चार शिलिंगांचा हिशेब तळटीपेत जाईल. एडनची हिंदुस्थानी तिकिटे माझ्याकडे वरून काही न छापलेली आहेत, केवळ शिक्क्यावरून ती ओळखता येतात. मार्च १९३७ च्या शिक्क्याचे एक पाकीट त्यांत आहे, म्हणजे एडन हिंदुस्थानपासून वेगळे होण्याच्या जेमतेम आधीचे. सुरुवात बहरीनच्या पाकिटाऐवजी त्यानेच करावी असे वाटू लागले आहे. पुढच्या आठवड्यात काळा घोड्याला जाऊन एडनचे खंड मागवतो आणि जे हाती लागेल ते याच धाग्यावर लिहितो.