घरच्या कॉम्प्युटरला साधी फायरवॉल कशी लावावी? सल्ला हवा

वहीखाते

नमस्कार मंडळी. मी सांगलीत घरूनच दहा-बारा दुकानदारांचं जीएसटीचं आणि हिशेबाचं काम बघतो. हॉलमध्ये डेस्कटॉप आहे, विंडोज ११ प्रो, त्यावर टॅली. आतल्या खोलीत सौ.चा लॅपटॉप. ती एंट्र्या मारते, डेटा मात्र डेस्कटॉपवरच असतो. एक वायफायचा प्रिंटर. इंटरनेट गावातल्या केबलवाल्याचं, फायबरचं.

गेल्या वर्षी लॅपटॉपवर टॅली उघडेना म्हणून दुरुस्तीवाल्या मुलाला बोलावलं. "फायरवॉल नडतेय" म्हणाला, दोन्ही मशीनवरची बंद केली, तीनशे रुपये घेतले आणि गेला. काम सुरू झालं, मीही विसरलो. परवा माझ्या एका पार्टीच्या दुकानातला सगळा डेटा लॉक झाला. फायलींची नावंच बदलली, स्क्रीनवर इंग्रजीत पैशाची मागणी. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. कॉम्प्युटरच्या दुकानात विचारलं तर 'इंटरनेट सिक्युरिटी'चं पाकीट घ्या म्हणतात, वर्षाला दीड हजार. घेऊ का? की घरच्या घरी काही करता येईल? मला कॉम्प्युटरमधलं बेताचंच कळतं, तेव्हा जरा सोपं करून सांगा.

सह्यकडा

पाकीट राहू द्या, काका. फायरवॉल तुमच्या मशीनमध्ये आहेच. विंडोज एक्सपीचा सर्व्हिस पॅक २ (मोठा अपडेट) आला २००४ साली, तेव्हापासून विंडोजसोबत ती चालूच येते. तुमच्याकडे कोणीतरी बंद केली, एवढंच. विकतच्या पाकिटातली फायरवॉल टाकली की विंडोजची बाजूला होते. म्हणजे दीड हजार देऊन नुसता वॉचमन बदलायचा.

स्टार्टमध्ये 'विंडोज सिक्युरिटी' टाइप करा, आत 'फायरवॉल अँड नेटवर्क प्रोटेक्शन'. तिथे डोमेन, प्रायव्हेट आणि पब्लिक अशा तीन ओळी दिसतील. तिन्ही चालू करा, दोन्ही मशीनवर. मग बाहेरून कोणी आपणहून आत यायला बघितलं तर अडवलं जातं, आणि तुम्ही आतून जीएसटीच्या साइटवर गेलात तर त्याचं उत्तर बिनतक्रार आत येतं. घराला एवढं पुरतं.

लॅपटॉपवर टॅली परत अडेल. अडलं की फायरवॉल बंद करू नका, इथे येऊन लिहा.

पेंग्विनप्रेमी

विंडोज काढा, त्याजागी उबुंटू (लिनक्सची फुकट सिस्टीम) टाका. त्यात यूएफडब्ल्यू नावाची फायरवॉल असते. एका ओळीची आज्ञा दिली की आत येणारं सगळं बंद, बाहेर जाणारं सुरू. विषय संपला.

चहाबाज

@पेंग्विनप्रेमी, आलात का! वाटच बघत होतो. काकांचं टॅली विंडोजवर चालतं, त्यांना रिटर्न भरू द्या. आणि उबुंटूत यूएफडब्ल्यू असते खरी, पण झोपलेली. आपण उठवल्याशिवाय ती काही अडवत नाही. तुमची जागी आहे का, स्टेटस विचारून बघा बरं.

पेंग्विनप्रेमी

बघितलं. इनॲक्टिव्ह. चार वर्षं. आता केली चालू, धाग्याबाहेर बोलू नका कोणी.

उंबरठा

वहीखाते काका, एक प्रश्न. पुण्या-मुंबईहून किंवा दुसऱ्या कुठून तुमचा डेस्कटॉप उघडायची सोय कोणी करून दिलेली आहे का? भाचा, पुतण्या, दुरुस्तीवाला, कोणीही. छोट्या ऑफिसात डेटा लॉक होण्याचं एक नेहमीचं कारण तेच असतं, म्हणून विचारतोय.

वहीखाते

आहे की! लॉकडाऊनमध्ये मी दोन महिने लेकीकडे पुण्यात अडकलो होतो. तेव्हा भाच्याने रिमोट डेस्कटॉप चालू करून दिलं. त्यासाठी केबलवाल्याकडून स्टॅटिक आयपी घेतला, त्याचे महिन्याला वेगळे पैसे अजून भरतोय. आत्ता फोनवर भाच्याला विचारत विचारत राउटरच्या पानावर गेलो. 'पोर्ट फॉरवर्डिंग' म्हणून एक ओळ दिसते. ३३८९, आणि पुढे १९२.१६८.१.१०.

उंबरठा

हीच ती. सगळं सोडून आधी ही ओळ काढा. सेव्ह करा, राउटर बंद करून चालू करा, ओळ परत आली नाही ना बघा. मग पुढचं वाचा.

आता कारण. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते घरातल्या घरात वापरायचे, बाहेरच्या जगातून तिथे थेट पोचता येत नाही. त्यामुळे साध्या घरगुती राउटरमागचं मशीन आपोआपच आडोशाला असतं. बऱ्याच कनेक्शनमध्ये तर बाहेरचा पत्तासुद्धा ग्राहकाचा एकट्याचा नसतो, कंपनी एकच पत्ता अनेक घरांत वाटते. तिथे दार उघडायचं म्हटलं तरी उघडत नाही. तुम्ही मात्र पैसे भरून स्वतःचा कायमचा पत्ता घेतला आणि राउटरला सांगून ठेवलं, ३३८९ वर कोणीही आला तर त्याला हॉलमधल्या डेस्कटॉपपर्यंत सोड. हे रिमोट डेस्कटॉपचं ठरलेलं पोर्ट आहे; पोर्ट म्हणजे मशीनच्या दाराचा नंबर. जगभरचे पत्ते दिवसरात्र चाचपत बसणारे प्रोग्राम ते आधी ठोठावतात.

सह्यकडा यांचं सगळं बरोबर आहे, पण इथे नुसती फायरवॉल चालू करून भागलं नसतं. विंडोजमध्ये रिमोट डेस्कटॉप चालू केलं की त्याची परवानगी विंडोज स्वतःच फायरवॉलमध्ये घालून ठेवतं. ते तसंच राहिलं असतं तर फायरवॉल चालू, तुम्ही निर्धास्त, आणि दार तेवढंच उघडं.

काय झालंय ते तुमच्याच मशीनवर बघा. 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडा, 'विंडोज लॉग्ज', त्यात 'सिक्युरिटी'. उजवीकडे 'फिल्टर करंट लॉग' दाबून ४६२५ आकडा टाका. लॉगिन फसलं की ही नोंद पडते.

वहीखाते

ओळ काढली. राउटर चालू-बंद केला, ती परत आली नाही.

इव्हेंट व्ह्यूअर बघितलं आणि घाम फुटला. काल रात्री ११ ते आज सकाळी ७ एवढ्यात साडेतीन हजारांवर नोंदी. दर सात-आठ सेकंदांना एक. नावं बघा: ॲडमिनिस्ट्रेटर, ॲडमिन, टेस्ट, युजर, स्कॅनर. एक 'टॅली' पण आहे! आम्ही झोपलेलो असताना कोणीतरी कडी वाजवत बसलं होतं. आत शिरलं असेल का हो?

उंबरठा

घाबरू नका. त्याच फिल्टरमध्ये आता ४६२४ टाका. ही यशस्वी लॉगिनची नोंद, त्यामुळे बऱ्याच निघतील, विंडोजची स्वतःचीही त्यात असतात. नोंद उघडून 'लॉगऑन टाइप' १० असलेल्या शोधा. रिमोट डेस्कटॉपवरून कोणी आत आलं की हा आकडा येतो. तारखा ताडून बघा. तुम्ही घरीच होतात आणि १० दिसतोय, तर काळजी करायची. सेटिंग्जमध्ये 'अदर युजर्स' पण बघा, अनोळखी खातं नाही ना. आणि पासवर्ड आजच बदला, लांबलचक ठेवा.

चहाबाज

मी ऑफिसात ३३८९ बदलून ५०,००० च्या पुढचं पोर्ट ठेवलंय. नोंदी एकदम कमी झाल्या. काकांनाही ते चालेल की.

उंबरठा

@चहाबाज, असहमत. हे पायपुसण्याखालची किल्ली कुंडीखाली ठेवण्यासारखं झालं. सगळी पोर्टं चाचपायला प्रोग्रामला फार वेळ लागत नाही, आणि दारामागे रिमोट डेस्कटॉप आहे हे ते दारच सांगतं. नोंदी कमी होतात म्हणून आपल्यालाच बरं वाटतं.

काका, बाहेरून मशीन उघडायची खरंच गरज असेल तर व्हीपीएन, म्हणजे आपल्याच मशीनमधला कुलूपबंद खासगी रस्ता, लावा. टेलस्केल नावाचं आहे, ते वायरगार्ड या व्हीपीएन तंत्रावर चालतं, लहान वापराला फुकट. डेस्कटॉपवर आणि तुम्ही नेता त्या लॅपटॉपवर टाकायचं, दोन्हीकडे एकाच खात्याने लॉगिन करायचं. राउटरमध्ये एकही पोर्ट उघडावं लागत नाही आणि स्टॅटिक आयपीही लागत नाही. केबलवाल्याला तो परत द्या, महिन्याचे पैसे वाचतील.

वहीखाते

१० वाल्या नोंदी सहाच निघाल्या. सहाही दिवाळीतल्या, मी लेकीकडे होतो तेव्हाच्या. तारखा डायरीशी ताडल्या. जिवात जीव आला. अनोळखी खातं नाही.

आता दुसरं. सह्यकडांनी सांगितल्याप्रमाणे दोन्हीकडे फायरवॉल चालू केली, आणि सौ.च्या लॅपटॉपवर टॅली उघडेना. डेटाचा फोल्डरही दिसेना. ती म्हणते, "त्या मुलाचे तीनशे रुपये वसूल होते."

सह्यकडा

वहिनींना म्हणावं, अर्धा तास द्या.

आधी डेस्कटॉपवर: सेटिंग्ज, नेटवर्क, चालू कनेक्शनचे 'प्रॉपर्टीज'. तिथे 'पब्लिक नेटवर्क' असेल. पब्लिक म्हणजे एसटी स्टँडवरचं वायफाय, तिथे शेजारच्याला आपला फोल्डर दिसू नये म्हणून विंडोज शेअरिंग अडवतं. घरात 'प्रायव्हेट' करा. लॅपटॉपवरही करा, पण तो बाहेर नेलात तर तिथल्या वायफायला पब्लिकच राहू द्या. एवढ्यानेच फोल्डर दिसायला हवा.

टॅली तरीही अडलं तर त्याचं पोर्ट लागेल. लायसन्स सर्व्हरचं सहसा ९९९९ असतं, पण टॅलीच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये बघून खात्री करा. डेस्कटॉपवर 'विंडोज डिफेंडर फायरवॉल विथ ॲडव्हान्स्ड सिक्युरिटी' उघडा, 'इनबाउंड रूल्स', 'न्यू रूल'. पोर्ट, टीसीपी, आकडा, 'अलाउ', आणि पुढच्या पानावर फक्त प्रायव्हेटवर टिक. नियम तयार झाला की तो उघडून 'स्कोप'मध्ये जा, खालच्या 'रिमोट आयपी ॲड्रेस'ला 'लोकल सबनेट' निवडा. आता घरातल्या मशीनलाच हे दार उघडेल. त्या मुलाने खिडकी अडकते म्हणून भिंत पाडली होती.

वहीखाते

फोल्डर दिसला! प्रिंटरही दिसतोय. टॅली मात्र नाही. नियम तुम्ही सांगितला तसाच केला, दोनदा तपासला.

सह्यकडा

इनबाउंड रूल्सच्या यादीत टॅलीच्या नावाने लाल चिन्ह असलेली ओळ आहे का?

वहीखाते

आहेत. दोन.

सह्यकडा

सापडलं. कधीतरी 'या प्रोग्रामला परवानगी द्यायची का' असा चौकोन आला असेल आणि कोणीतरी 'कॅन्सल' दाबलं असेल. कॅन्सल म्हणजे 'आत्ता नको' असं आपल्याला वाटतं. विंडोज त्यावरून अडवायचा कायमचा नियम लिहून ठेवतं. आणि परवानगीचा एक आणि अडवायचा एक असे दोन नियम भिडले तर अडवणाराच जिंकतो. तुम्ही शंभर परवानग्या दिल्या तरी उपयोग नाही. त्या दोन लाल ओळी काढून टाका.

वहीखाते

चाललं!!! सौ. एंट्र्या मारतेय. गेल्या वर्षी लॅपटॉप अडला तोही या दोन ओळींमुळेच असणार.

खारेदाणे

राउटरच्या पानावर गेलाच आहात तर अजून चार गोष्टी उरकून घ्या. राउटरचा ॲडमिन पासवर्ड बदला. २०१६ चा मिराई हा घुसखोर प्रोग्राम कॅमेऱ्यांत आणि राउटरांत शिरला तो कंपनीने दिलेले मूळचे पासवर्ड वापरूनच. डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने वायफाय जोडायची सोय) बंद, 'रिमोट मॅनेजमेंट' (बाहेरून राउटरचं पान उघडायची सोय) बंद. यूपीएनपीसुद्धा बंद करा, नाहीतर घरातला कुठलाही प्रोग्राम तुम्हाला न विचारता राउटरमध्ये दार उघडून घेऊ शकतो. आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) चालू असेल तर राउटरमधली त्याची फायरवॉल चालू आहे ना बघा, कारण तिथे १९२.१६८ वाला आडोसा नसतो.

आणि टॅलीचा बॅकअप बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या, घेऊन झाला की डिस्क काढून कपाटात. जोडलेली राहिली तर डेटा लॉक होताना तीही लॉक होते.

चहाबाज

अवांतर: २००३ चा ऑगस्ट आठवतोय का कोणाला? ब्लास्टर नावाचा वर्म (आपणहून पसरणारा व्हायरस) आला होता. मी तेव्हा कॅफेत बसायचो. नवं कोरं एक्सपी टाकायचं, इंटरनेट जोडायचं, आणि पॅच उतरायच्या आत स्क्रीनवर ६० सेकंदांची उलटी गिनती, मशीन रीस्टार्ट. गंमत म्हणजे एक्सपीत फायरवॉल तेव्हाही होती, बंद असायची. सर्व्हिस पॅक २ मध्ये ती चालू होऊन यायला लागली, त्याआधीचा हा इतिहास.

गोधडी

जरा वेगळं लिहिते. माझ्या सासऱ्यांकडे हे सगळं चालू होतं, तरी पैसे गेले. "आज रात्री साडेनऊला वीज तोडू" असा मेसेज, त्यातल्या नंबरवर यांनीच फोन केला, समोरच्याने सांगितलेलं स्क्रीन दाखवायचं ॲप यांनीच उतरवलं. फायरवॉल काय करणार, ते कनेक्शन आतूनच बाहेर गेलेलं. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला लगेच फोन केल्यामुळे थोडी रक्कम गोठवता आली. काका, तुमच्या पार्टींनाही हे सांगून ठेवा.

सह्यकडा

+१. आतून बाहेर जाणाऱ्याला विंडोजची फायरवॉल मूळ मांडणीत अडवत नाही. अडवायला लावता येतं, पण मग प्रत्येक प्रोग्रामसाठी परवानगी देत बसावं लागतं आणि आठवड्याभरात माणूस कंटाळून सगळ्याला 'हो' म्हणायला लागतो. घरी त्या फंदात पडू नका.

वहीखाते

दहा दिवस झाले, म्हणून हिशेब देतो. राउटरचा पासवर्ड बदलला, वहीत लिहून ठेवला. केबलवाल्याला स्टॅटिक आयपी परत केला, तो म्हणाला "का हो, चांगला होता की." टेलस्केल भाच्याने रविवारी येऊन टाकलं. फोनचं वायफाय बंद करून डेटावरून उघडून बघितलं, चाललं. दीड हजारांतून हार्डडिस्कसाठी थोडे घातले, बाकीचे सौ.ने ठेवून घेतले.

४६२५ रोज सकाळी चहासोबत बघायची सवय लागली आहे. दहा दिवसांत दोनच नोंदी पडल्या. दोन्ही माझ्याच, कॅप्स लॉक चालू राहिलं होतं.