‘अपंगत्वावर मात’ : ही ‘मात’ नेमकी कोणावर?

तलावपाळी

नमस्कार. ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या वाचनालयातर्फे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तीन चित्रपट दाखवणार आहोत. ३ डिसेंबर हा जागतिक दिव्यांग दिन, त्या निमित्तानं ‘स्पर्श’, ‘यलो’ आणि ‘चंदू चॅम्पियन’. परिचयपत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे. मंडळातल्या एका ज्येष्ठ सभासदांनी मसुदा दिला आहे आणि त्यात तिन्ही चित्रपटांना एकच क्रियापद लावलं आहे. अंधत्वावर मात करणारा मुख्याध्यापक, डाउन सिंड्रोमवर मात करून जलतरणपटू झालेली मुलगी, अपंगत्वावर मात करून सुवर्णपदक जिंकणारा सैनिक.

दुसऱ्या वाक्यापाशी मी अडले. डाउन सिंड्रोम म्हणजे एकविसाव्या गुणसूत्राची एक जादा प्रत. ती जन्माआधीपासून असते आणि आयुष्यभर राहते. ‘यलो’मध्ये गौरी गाडगीळनं स्वतःचीच भूमिका केली आहे. ती पोहायला शिकण्याआधी तिला डाउन सिंड्रोम होता, शिकल्यावरही होता, २०१४ मध्ये चित्रपट आला तेव्हाही होता. मग मात झाली ती कशावर?

‘मात’ या शब्दाची मुळातली छटा काय, आणि त्याच्या जागी काय लिहावं, एवढं सांगा. ‘दिव्यांग की अपंग’ यावर या मंचावर आधी भरपूर लिहून झालं आहे, शक्यतो तिकडे वळू नये ही विनंती.

शब्दवेल्हाळ

‘मात’ बुद्धिबळातून आला. फारसीतलं ‘शाह मात’, म्हणजे राजा कोंडला गेला, त्याला सरकायला घर उरलं नाही. शह, काटशह, मात हे सगळे एकाच पटावरून मराठीत उतरलेले शब्द. (जुन्या मराठीत ‘मातु’ म्हणजे गोष्ट, बोलणं. कन्नडमध्ये ‘मातु’ आजही त्याच अर्थानं आहे. त्याचा या ‘मात’शी संबंध नाही, गल्लत होऊ नये म्हणून लिहितो.)

या शब्दाला दोन गोष्टी लागतात : समोर बसलेला प्रतिस्पर्धी, आणि संपणारा डाव. म्हणून ‘काविळीवर मात’ बिनदिक्कत चालतं, कारण कावीळ उतरते. ‘पुराच्या संकटावर मात’ही चालतं, कारण पाणी ओसरतं. अंधत्व असं ओसरत नाही. डाव संपतच नाही, तर मात कुठून होणार?

त्याहून महत्त्वाचं म्हणजे ‘-वर’ ज्या नामाला लागतं तो शत्रू ठरतो. ‘अपंगत्वावर मात’ म्हटलं की त्या माणसाचं स्वतःचं शरीर पटाच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसतं. पायऱ्या, बंद दरवाजे, नोकरी नाकारणारा साहेब, शाळेत प्रवेश न देणारं कार्यालय यांतलं कोणीही पटावर दिसत नाही. एक माणूस आपल्याच पायांशी खेळतो आहे आणि बाकीचे आपण प्रेक्षक.

ऐरोलीकर

मी जन्मापासून अंध आहे, टॉकबॅक (मोबाइलचा पडदा वाचून दाखवणारी सोय) लावून हा धागा ऐकतो आहे. रोज ट्रान्स हार्बरनं ठाणे ते वाशी. शब्दवेल्हाळ, पटावरून गायब झालेल्या जगाबद्दल तुम्ही लिहिलंत, त्या जगाबद्दल थोडं सांगतो.

माझी अडचण अंधत्व नाही. ते मला घरात, गाडीत, ऑफिसात कधी आडवं येत नाही, कारण मला दुसरं काही ठाऊकच नाही. आडवी येते ती फुटपाथवर लावलेली मोटारसायकल. प्लॅटफॉर्मवर आपला डबा कुठे येणार ते कळावं म्हणून बीपचा आवाज असतो. तो बंद असला की मी लोकांना विचारत फिरतो आणि चालू असला की सरळ चालत जातो. दोन्ही दिवशी माझे डोळे तेवढेच असतात. (त्या डब्यावर काहीही लिहिलेलं असो, ठाण्यात तो ‘हँडीकॅपचा डबा’. आम्हीही तेच म्हणतो.)

आता सिनेमा. हिंदी-मराठी पडद्यावरचा अंध माणूस बहुतेक वेळा दोन साच्यांतून येतो. एक तर काठी चाचपडत गाणं म्हणणारा, ज्याला शेवटच्या रिळात दृष्टी मिळते. नाहीतर पावलांच्या आवाजावरून, अत्तराच्या वासावरून माणूस ओळखणारा जादूगार. ‘मूकं करोति वाचालं, पंगुं लङ्घयते गिरिम्’ ही प्रार्थना म्हणून मला प्रिय आहे, आजी रोज म्हणायची. पण पटकथा म्हणून ती वापरली की पंगूनं डोंगर ओलांडलाच पाहिजे असं ठरून जातं. ज्याला ओलांडता आला नाही, त्याची गोष्ट कोणी सांगत नाही.

‘स्पर्श’ मला म्हणूनच वेगळा वाटतो. सई परांजपे यांचा हा १९८० चा चित्रपट, दिल्लीतल्या अंध मुलांच्या शाळेत घडणारा. नसीरुद्दीन शाह यांचा मुख्याध्यापक चिडतो, हटवादीपणा करतो, प्रेमात पडतो, प्रेमाला दया समजून बिथरतो. त्याला चुकायची मुभा आहे. शेवटी त्याला दिसायला लागत नाही. तिथे ‘मात’ शोधूनही सापडणार नाही. तुमच्या सभासदांना विनंती करा की चित्रपट पुन्हा एकदा पाहावा.

एक शब्द जाता जाता. आमच्यात बोलताना ‘टोटल’ (अजिबात न दिसणारे) आणि ‘लो व्हिजन’ (थोडं दिसणारे) हे शब्द चालतात, आणि तुम्हा लोकांना आम्ही ‘डोळस’ म्हणतो. डोळस श्रद्धा, डोळस वाचन असे प्रयोग ऐकले की हा गुण डोळ्यांतून कसा येतो असा प्रश्न मला खरोखर पडतो. पण अंध गुलाबराव महाराजांना विदर्भातल्या लोकांनी ‘प्रज्ञाचक्षू’ म्हटलं, हेही याच भाषेत घडलं आहे. तो शब्द त्यांच्या विद्वत्तेमुळे मिळाला. अंध जन्माला आला म्हणून कोणी सरसकट सगळ्यांना प्रज्ञाचक्षू केलं नव्हतं.

नेरूळचा वकील

ऐरोलीकर म्हणतात त्या जादूगार साच्याबद्दल सर्वोच्च न्यायालयानंही लिहिलं आहे. ‘आँख मिचोली’ या चित्रपटातल्या अपंग पात्रांच्या चित्रणाविरुद्ध निपुण मल्होत्रा यांनी याचिका केली होती. ८ जुलै २०२४ चा निकाल, सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती पारडीवाला यांचं पीठ. न्यायालयानं चित्रपटाला कात्री लावली नाही, पण दृश्य माध्यमांसाठी मार्गदर्शक सूत्रं घालून दिली. अंध माणसांची बाकीची ज्ञानेंद्रियं विलक्षण तीक्ष्ण असतात असं दाखवलं, तर ज्यांची तशी नसतात ते कुठेतरी उणे आहेत असं सुचवलं जातं, हा मुद्दा त्यात स्पष्ट आहे. अपंगत्वाला हसणारा विनोद आणि अपंगत्व समजून घेणारा विनोद यांत न्यायालयानं फरक केला. पीडित, ग्रासलेला, बळी अशा अर्थाचे शब्द टाळावेत असंही सांगितलं, कारण असे शब्द सगळा भार त्या एका शरीरावर टाकतात आणि समाजानं उभे केलेले अडथळे नजरेआड होतात.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातली व्याख्याही याच दिशेची आहे. दीर्घकाळ टिकणारी शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा ज्ञानेंद्रियांची कमतरता आणि भोवतालचे अडथळे, या दोन्हींच्या गाठीतून इतरांच्या बरोबरीनं सहभागी होता येत नाही, अशी ती मांडणी. भारतानं २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्कांच्या करारावर शिक्कामोर्तब केलं, तिथून हे आलं. पूर्वीच्या, १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, आता २१ आहेत. पण मला प्रकारांच्या संख्येपेक्षा ही व्याख्या मोठी वाटते. कायद्यानं अडथळा पटावर आणला, आपली बातमी आणि आपलं परिचयपत्रक अजून आणत नाही.

वाशीची आई

‘ग्रस्त’वर मला बोलायचं आहे. माझा मुलगा ऑटिस्टिक आहे. अहवालात, वर्तमानपत्रात, शाळेच्या अर्जात सगळीकडे ‘ऑटिझमग्रस्त’. २०१६ च्या कायद्यात ‘मतिमंद’ नाही, ‘बौद्धिक अक्षमता’ आलं, तरी सोसायटीच्या गेटवर तोच जुना शब्द कानी पडतो. पण ‘ग्रस्त’ मात्र शिकलेली, चांगल्या मनाची माणसंही लिहितात. माझा मुलगा कशानंही ग्रासलेला नाही. मोठा आवाज झाला की तो कान झाकतो, त्याला लोकलचं पूर्ण वेळापत्रक पाठ आहे आणि त्याला अनोळखी माणसाकडे बघायला आवडत नाही. त्याला तसंच राहू द्यावं.

घणसोली गाव

ताई, तुमचं पटलं. पण ‘ग्रस्त’ शब्दाची एक बाजू आमच्या गावात वेगळी आहे, ती सांगतो. आम्ही प्रकल्पग्रस्त. नवी मुंबई वसवायला जमिनी गेल्या, १९८४ ला जासईत आंदोलनात माणसं गेली, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढून साडेबारा टक्के विकसित जमिनीचा हक्क मिळवला. आमच्यासाठी ‘प्रकल्पग्रस्त’ हा दाखल्यावरचा शब्द आहे आणि तो लावून घेताना कोणाला कमीपणा वाटत नाही. कारण त्या शब्दात कोणी ग्रासलं ते लिहिलेलं आहे, प्रकल्पानं. म्हणजे देणेकरी कोण तेही त्यातच आलं.

माझ्या धाकट्या भावाला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी. त्याला ‘सेरेब्रल पाल्सीग्रस्त’ म्हटलं की देणेकरी गायब होतो, कारण ग्रासणारं त्याच्याच अंगात आहे असं झालं. मग मागायचं कोणाकडे? तेच त्याला ‘पायरीग्रस्त’ म्हटलं असतं, तर ज्यानं पायरी बांधली त्याच्याकडे बोट गेलं असतं. हा शब्द चालणार नाही हे मला माहीत आहे, पण फरक तोच आहे.

कळवा नाका

सगळ्यांशी थोडा असहमत आहे. माझ्या वडिलांचा पाय मधुमेहामुळे गुडघ्याखाली काढावा लागला. जयपूर फूट लावून ते पुन्हा बाजारात जायला लागले तेव्हा तेच म्हणायचे, ‘मात केली मी याच्यावर.’ तो शब्द त्यांना हवा होता. वेदना खरी होती, घाम खरा होता. सगळं अडथळ्यांवर ढकललं तर त्या घामाला जागा उरत नाही.

तलावपाळी

कळवा नाका, तुमच्या वडिलांचं वाक्य कोणीही दुरुस्त करू नये. स्वतःच्या शरीराबद्दल कोणता शब्द वापरायचा तो त्या माणसाचा अधिकार. माझा प्रश्न परिचयपत्रकाचा आहे, तिथे बोलणारे आपण असतो आणि तो माणूस समोर नसतो. तुमच्या वडिलांचा घाम लिहायचा तर ‘पाय काढल्यानंतर नव्यानं चालायला शिकले’ असं लिहिता येईल. त्यात कष्ट आहेत, वेळ आहे, आणि पाय शत्रू होत नाही.

शब्दवेल्हाळांच्या पटावरून मला ‘चंदू चॅम्पियन’चं वाक्य सापडलं असं वाटतं. मुरलीकांत पेटकर, सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखालचं शरीर निकामी झालं. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात सुवर्ण, भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं. त्या शर्यतीत त्यांच्यासारख्याच शरीराचे इतर देशांचे जलतरणपटू होते. पेटकरांनी मात केली ती त्या जलतरणपटूंवर! प्रतिस्पर्धी होते, शर्यत होती, ती संपली. ‘मात’ला जे जे लागतं ते सगळं तिथे हजर आहे. आपण मात्र त्यांच्याकडून ती शर्यत काढून घेतो आणि अपंगत्वाशी कुस्ती लावून देतो. पद्मश्री २०१८ मध्ये मिळाली. पदकानंतर इतकी वर्षं देश त्यांना विसरला होता, हीसुद्धा त्या गोष्टीतली खरी अडचण आहे आणि ती त्यांच्या पायांत नव्हती.

मसुदा असा करते :

‘स्पर्श’ : दयेचा तिटकारा असलेला अंध मुख्याध्यापक आणि त्याच्या शाळेत शिकवायला आलेली कविता यांची प्रेमकथा.

‘यलो’ : डाउन सिंड्रोम असलेली एक मुलगी, तिला पाण्यात उतरवणारी आई आणि तिला शर्यतीसाठी तयार करणारा प्रशिक्षक.

‘चंदू चॅम्पियन’ : युद्धात जखमी झालेल्या आणि १९७२ मध्ये जगातल्या जलतरणपटूंवर मात करणाऱ्या मुरलीकांत पेटकरांची गोष्ट.

शब्दवेल्हाळ

उत्तम. ‘असलेली’ हे साधं कृदंत किती काम करतं बघा. ग्रस्त, पीडित, बाधित या तिघांची गरजच पडली नाही.

वाशीची आई

‘डाउन सिंड्रोम असलेली मुलगी’ हेच आम्ही पालक वर्षानुवर्षं मागत होतो. धन्यवाद ताई.

ऐरोलीकर

मसुदा चांगला झाला आहे. एक विचारायचं राहिलं. मी यायचं म्हटलं तर चित्रपट मला कळणार कसा? केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयानं मार्च २०२४ मध्ये चित्रपटगृहांसाठी निकष काढले, त्यात दृष्टिबाधितांसाठी ऑडिओ डिस्क्रिप्शन आणि कर्णबधिरांसाठी मथळे आहेत. तुमच्याकडे तशी प्रत नसेल तर एक चांगला वाचणारा माणूस माइकवर बसवा. दोन संवादांच्या मधल्या रिकाम्या जागेत पडद्यावर काय दिसतं तेवढंच सांगायचं, संवादावर बोलायचं नाही आणि ‘बिचारा’, ‘सुंदर’ असली विशेषणं घालायची नाहीत. ‘ध्वनिवर्णन’ वगैरे मराठी शब्द सुचवले जातात, पण आमच्यातले सगळे ऑडिओ डिस्क्रिप्शनच म्हणतात, पत्रकात तेच छापा. शोधताना तेच टाकलं जातं.

घणसोली गाव

आणि सभागृह कितव्या मजल्यावर? मी भावाला घेऊन येईन.

तलावपाळी

पहिल्या मजल्यावर, आणि लिफ्ट नाही. कालच मंडळाशी बोलले. जवळच्या शाळेचा तळमजल्यावरचा हॉल मिळतो आहे, दारात एक उंबरठा आहे, त्यावर लाकडी रॅम्प टाकून घेऊ. माइकवर वाचायला आमच्या नाट्यवर्गातली एक मुलगी तयार आहे, सराव ऐकायला ऐरोलीकरांनी आधी एकदा यावं अशी विनंती. पत्रकात खाली ‘सुगम्य सभागृह’ असं लिहू का?

घणसोली गाव

‘सुगम्य’ माझ्या आईला कळणार नाही, आणि भावाला घेऊन कुठे जायचं की नाही ते तीच ठरवते. ‘हॉल तळमजल्यावर, दारात रॅम्प, व्हीलचेअर आत येते’ असं लिहा. टॉयलेटच्या दाराची रुंदी मोजून तीही टाका, आमची खुर्ची २६ इंच आहे.