वरच्या पदासाठी तयारी कशी करू? मदत हवी आहे, लवकर

आबोली: नमस्कार. सरकारी सेवेत वरच्या पदासाठी तयारी करायची आहे. मुलाखतीला कोणती पुस्तकं वाचू? नेतृत्वाचा एखादा कोर्स? पणजीत कुणी क्लास घेतं का? दिवस कमी आहेत.

म्हादईकाठ: कुठलं पद? कुठलं खातं? आता कशावर आहात?

रानमाणूस: यूपीएससी द्या. मी तीनदा दिली, झालं नाही, पण वाचनाची सवय लागली ती कायमची. रोज अग्रलेख वाचाच.

आबोली: मी नोकरीतच आहे हो! आयएएसला बढती हवी आहे.

निवृत्त_बार्देशकर: बाय, गोवा नागरी सेवेत आहेस की तांत्रिक खात्यात? रस्ते वेगळे आहेत. नागरी सेवेतून आयएएस बढतीच्या १९५५च्या विनियमांनी जातात. उपजिल्हाधिकारी दर्जाच्या पदावर ८ वर्षं सलग सेवा हवी. निवड समिती सेवेचे कागद बघते, मुलाखत घेत नाही.

सांतइनेज: चूक. माझ्या मेव्हण्याची मुलाखत झाली होती.

निवृत्त_बार्देशकर: कुठल्या खात्यात होते?

सांतइनेज: शेती. दुसऱ्या राज्यात.

निवृत्त_बार्देशकर: मग ते १९९७च्या निवड विनियमांतून गेले. नागरी सेवेबाहेरच्यांसाठी तो मार्ग आहे, तिथे मुलाखत असते.

सुरंगी: आयगॉट कर्मयोगी या केंद्राच्या पोर्टलवर घरबसल्या कोर्स होतात. जुने गोवे इथे एलाला जीपार्ड ही सरकारी प्रशिक्षण संस्था आहे, तिथली प्रशिक्षणंही बघा.

सांतइनेज: कोर्सने कुणी सचिव झालेला मी पाहिला नाही.

सुरंगी: मला झाला उपयोग. खरेदीची फाइल अडली की आता जीएफआरचा (सरकारी वित्तीय नियमावलीचा) नियम काढून दाखवता येतो.

रानमाणूस: आधी जीपीएससीच्या (गोवा लोकसेवा आयोगाच्या) जाहिराती बघा. कोकणी आवश्यक, मराठी नुसती इष्ट! यावर कुणी बोलत नाही.

म्हादईकाठ: त्यावर वेगळा धागा काढा ना. आबोली, तुम्ही अजून उत्तर दिलं नाही. घाई कसली आहे?

आबोली: नागरी सेवेत. ८ वर्षं झालीत. गेल्या वर्षीच्या एपीएआरमध्ये (वार्षिक कामगिरी अहवालात) खालच्या साहेबांनी ८ दिले होते, वरच्यांनी ५.५ केले. शेरा: ‘निर्णयक्षमता कमी’. म्हणून नेतृत्वाचा कोर्स विचारत होते.

निवृत्त_बार्देशकर: अगो, हे आधी सांगायचं! ८ म्हणजे उत्कृष्ट, ६ ते ८च्या आत अतिउत्तम, ५.५ म्हणजे नुसतं चांगलं. समितीसमोर हाच कागद जाणार. अहवाल हातात कधी आला?

आबोली: ११ दिवस झाले.

निवृत्त_बार्देशकर: २००८च्या देव दत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रत्येक शेरा कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे. त्यानंतर केंद्राच्या २००९च्या ज्ञापनाने शेऱ्याविरुद्धच्या निवेदनाला १५ दिवस दिले. तुझ्या अहवालासोबतच्या पत्रातली मुदतही बघ, पण १५च्या आत दे.

म्हादईकाठ: काय लिहायचं तेही सांगा, काका.

निवृत्त_बार्देशकर: साहेबांवर एक शब्द नको. ‘निर्णयक्षमता कमी’ म्हणतात, तर त्या वर्षातले निर्णय मांड. तारीख, फाइल क्रमांक, पुढे काय झालं. गुण कमी करण्याचं कारण लिहिलं नसेल तर तेवढंच नमूद कर. पोच घेऊनच दे.

सांतइनेज: हे मात्र बरोबर. पोच विसरू नका, आमच्याकडे एकदा कागदच सापडेना.

आबोली: त्या पावसाळ्यात डिचोलीत पाणी भरलं तेव्हा माणसं हलवायचे आदेश रात्री मीच काढले होते. प्रती आहेत माझ्याकडे.

निवृत्त_बार्देशकर: त्यांनीच सुरुवात कर. मसुदा झाला की मला व्यक्तिगत निरोपात टाक, रात्री जागा आहे मी.