प्रतिसाद: फॉर्म कशाला, डबा देताना ऐका

ग्राहकांना काय हवंय, काय खटकतंय हे कळायला त्यांच्याकडून फॉर्म भरून घ्या, असं या चर्चेत एकांनी सुचवलंय. आमची ठाण्याला नौपाड्यात पिठाची गिरणी आहे. पिठाने माखलेल्या हातांनी कोण फॉर्म भरणार? डबा उचलताना लोक जे पुटपुटतात, तिथे कान द्यायचा.

एक काकू दरवेळी विचारायच्या, "आधी गहू दळलेत का?" मला वाटायचं, सोवळं असेल. एकदा वैतागून कारण विचारलं. नातवाला सीलिअ‍ॅक नावाचा आजार, त्यात गहू अजिबात चालत नाही, आणि चक्कीत अडकलेलं गव्हाचं पीठ त्यांच्या ज्वारीत उतरत होतं. ओशाळलो हो! आधी दोन मुठी ज्वारी फिरवून टाकून द्यायचो, पण तेवढ्याने भागत नाही. शेवटी ज्वारी-बाजरी-नाचणीची चक्की शेजारच्या गाळ्यात वेगळी बसवली, कारण पीठ हवेतही उडतं. आता घोडबंदर रोडवरूनही डबे येतात.

दुसरी तक्रार, बाजरीचं पीठ कडू होतं. त्यात दळणाचा दोष नाही. बाजरीत तेल जास्त, पीठ लवकर खवट होतं. म्हणून हल्ली अर्धा किलोही दळून देतो. पूर्वी दोन किलोंच्या आत हात लावत नसे. कटकट आहेच, पण तीच गिऱ्हाइकं दर आठवड्याला येतात.